यरुशलेमासाठी वर्गणी

(वाचनासाठी: प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०; रोम १५:२५-३१; १ करिंथ १६:१-४; २ करिंथ, अध्याय ८ व ९)



काशी म्हटली की मराठी ख्रिस्ती मनाला पहिली आठवण होते ती नीळकंठशास्त्री गोरे यांची. याच नगरीत ते वाढले, शास्त्रे शिकले, ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी म्हणून पवित्र शास्त्र हाती धरले आणि १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहम्या गोरे झाले. २०१९ च्या जानेवारीत मी काशीस गेलो तो त्यांच्या पाऊलखुणा पाहाव्या या हेतूने. परंतु प्रभूने मला ज्या पायऱ्यांवर बसविले त्या निराळ्याच होत्या.

दशाश्वमेध घाटापासून प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागले की अहल्याबाई घाट लागतो आणि त्याच्या पलीकडे मुन्शी घाट. चुनारच्या दगडाचा तेथील उंच वाडा दूरवरून नजरेत भरतो. आता त्यात हॉटेल आहे. पुढे दरभंग्याच्या महाराजांनी तो घेतला, म्हणून लगतच्या भागाला दरभंगा घाट म्हणतात. परंतु मुन्शी हे नाव आपल्याकडचे आहे. श्रीधर नारायण मुन्शी हे नागपूर दरबारचे मंत्री. नागपूरच्या माणसाने गंगेच्या काठी पायऱ्या बांधल्या, त्या आपल्या गावच्या लोकांसाठी नव्हेत, तर ज्यांचे तोंडही आपण कधी पाहणार नाही अशांच्या पावलांसाठी. त्यांची उपासना निराळी व आपली निराळी. तरी त्या थंड दगडावर बसून मी सकाळची प्रार्थना केली, आणि माझ्याही पायांखाली त्यांचीच पायरी होती हे मला कबूल केले पाहिजे.

मी घरी दूरध्वनीवर मराठीत बोलत होतो. दोन पायऱ्या खाली एक वृद्ध बाई आपल्या तरुण नातीसह बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, अंगात परदेशी लोकरी कोट. माझे बोलणे संपताच त्या वळल्या आणि अगदी अलिबागकडच्या सुरात म्हणाल्या, “तुम्ही आपल्याकडचे काय हो?”

त्या बेने इस्राएल होत्या. जन्म जुन्या कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या रायगडातला. १९६० नंतर लग्न होऊन इस्राएलात गेल्या त्या तेथल्याच झाल्या. नातीला काशी पाहायची होती आणि आजीला भारत, म्हणून दोघी आल्या होत्या. मी पाळक आहे हे कळल्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग हसून म्हणाल्या, “मग पाद्रीसाहेब, तुम्हाला एक गोष्ट सांगायचीच आहे. रागावू नका.” मी म्हटले, “सांगा ना मावशी.”

त्यांचे वडील गावच्या सिनेगॉगचे चौगुला होते. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बेने इस्राएल समाजात सिनेगॉगचा प्रमुख तो मुकादम आणि त्याचा साहाय्यक तो चौगुला. हे शब्द आपल्या कोकणच्या मातीतले आहेत. या समाजाची सारी व्यवस्थाच मराठी बोलते. तर एका पावसाळ्यात वाऱ्याने सिनेगॉगची कौले उडाली. कुटुंबे थोडी, त्यांतली निम्मी निघण्याच्या तयारीत. चौगुला वही घेऊन गावात फिरले. कोळ्यांनी दिले, आगऱ्यांनी दिले, एका मुसलमान मचवेवाल्याने दिले. मिशन शाळेतल्या ख्रिस्ती मास्तरांनी सव्वा रुपया दिला. आणि एका प्रवासी उपदेशकाने दहा रुपये दिले. दहाची नोट एका पत्रिकेच्या घडीत ठेवलेली होती.

“बाबांनी सव्वा रुपया वहीत लिहिला,” मावशी म्हणाल्या, “आणि दहा रुपये परत केले. पत्रिकेसकट. आई चिडली. दहा रुपयांत किती कौले आली असती! बाबा म्हणाले, त्या माणसाने कौलांसाठी दिले नाहीत, आपल्यासाठी दिलेत.”

वाचकहो, माझ्या खांद्यावरच्या पिशवीत त्या क्षणी तशाच वीसपंचवीस पत्रिका होत्या.

मी पत्रिका वाटणे सोडलेले नाही, सोडणारही नाही. सुवार्ता लाजण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु त्या सकाळपासून मी पौलाच्या वर्गणीची कथा पुन्हा वाचू लागलो, आणि जी गोष्ट वर्षानुवर्षे उपदेशपीठावरून सांगत आलो तिचा गाभा माझ्या ध्यानात आलाच नव्हता असे मला दिसून आले. आपण २ करिंथ अध्याय ८ व ९ कधी वाचतो? दशांशाच्या रविवारी, इमारत निधीच्या रविवारी, कापणीच्या सणाला. हर्षाने देणाऱ्याविषयीचे वचन पाकिटांवर छापतो. परंतु तो पैसा कोणासाठी गोळा होत होता हे किती जण सांगू शकतील? तो करिंथ येथील मंदिराच्या छपरासाठी नव्हता. तो यरुशलेमेतील यहूदी बांधवांसाठी होता, आणि देणारे होते मासेदोनिया, अखया व गलतिया येथील परराष्ट्रीय.

प्रसंग संकटाचा होता. क्लौद्य कैसराच्या काळी दुष्काळ पडणार असे अगब संदेष्ट्याने अंत्युखियात सुचविले, आणि तेथील शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत काढून बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदीयातील वडिलांकडे पाठविली. हा दुष्काळ केवळ आपल्याच शास्त्रात नोंदलेला आहे असे नाही. यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की, अदियाबीनीची राणी हेलेना, जी जन्माने परराष्ट्रीय होती व पुढे यहूदी धर्मात आली, ती त्याच सुमारास यरुशलेमेत होती. लोक उपासमारीने मरताना पाहून तिने आपले सेवक आलेक्सांद्रियास धान्यासाठी व कुप्र बेटास सुक्या अंजिरांसाठी पाठविले. म्हणजे एकाच नगरात दोन दिशांनी मदत आली, आणि दोन्ही ठिकाणी देणारे हात जन्माने परराष्ट्रीयांचे होते.

पुढे याकोब, केफा व योहान यांनी पौलाशी सहभागितेचा उजवा हात दिला तेव्हा एकच आठवण घातली: गरिबांना विसरू नका. पौल ती आयुष्यभर विसरला नाही. रोमकरांस लिहिताना तो या देणगीला उपकार म्हणत नाही, ऋण म्हणतो. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. परराष्ट्रीयांना यहूद्यांच्या आध्यात्मिक धनात वाटा मिळाला. तेव्हा ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे त्यांचे देणे लागते. आता लक्ष द्या. जो देणे फेडतो तो बदल्यात काही मागत नाही. सावकाराच्या दारी पैसे परत करावयास गेलेला मनुष्य नोटेच्या घडीत अट ठेवीत नसतो.

आणि याच अध्यायाच्या शेवटी पौल भीत आहे! रोमकरांना तो प्रार्थनेची विनंती करतो की, यरुशलेमेसाठी आपण नेत असलेली ही सेवा तेथील पवित्र जनांना पसंत पडावी. मोठ्या प्रेषिताला भय वाटले ते पैसा कमी पडेल याचे नव्हे, तर तो नाकारला जाईल याचे. देणाऱ्याला हे भय क्वचितच वाटते. आपल्याला वाटते, घेणारा तर वाटच पाहत असेल. पौल यहूदी होता, म्हणून त्याला घेणाऱ्याची मान ठाऊक होती.

दान कसे द्यावे हे तर यहूदी लोकांकडूनच शिकावे. त्यांच्या भाषेत दानाला जो शब्द आहे, त्सदाका, तो न्याय व नीतिमत्त्व या अर्थाच्या धातूपासून आला आहे. अरबीतून आपल्याकडे आलेला सदका हा त्याचाच भाऊबंद. मिश्ना या त्यांच्या प्राचीन नियमसंग्रहात गरिबांच्या पेटीविषयी असा दंडक आहे की, ती दोघांहून कमी जणांनी गोळा करू नये आणि तिघांहून कमी जणांनी वाटू नये. गोळा करताना दोघे. वाटताना तिघे, कारण कोणाची गरज किती हा निवाडा आहे, आणि निवाड्याला तीन न्यायाधीश लागतात. आता २ करिंथ ८ पुन्हा उघडा. पौल एकटा थैली घेऊन निघत नाही. तीताला पाठवितो, त्याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू पाठवितो, आणि आणखी एक. आणि कारणही देतो की, एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी आपल्याला दोष लावू नये. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभांमध्ये हिशेबावरून जे होते ते आठवून मला कधी कधी वाटते की, आपण पौलाचे ईश्वरविज्ञान घेतले आणि त्याचे हिशेबशास्त्र तेवढे मागे ठेवले. असो.

त्याच मिश्नेत सांगितले आहे की, यरुशलेमेच्या मंदिरात एक गुप्त दानाची खोली होती. पापभीरू लोक तीत गुपचूप टाकीत आणि चांगल्या घराण्यातले गरीब गुपचूप घेत. कोण टाकतो, कोण घेतो, कोणाला कळत नसे. डाव्या हाताला उजव्याचे कळू देऊ नये ही शिकवण आपल्या प्रभूने ज्या श्रोत्यांना दिली त्यांना ही कल्पना परकी नव्हती. पुढे मध्ययुगातील त्यांचे आचार्य मैमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सर्वांत वरची पायरी ही की, मनुष्याला उद्योग, कर्ज किंवा भागीदारी देऊन असा उभा करावा की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. आणि त्यांच्या ताल्मूद ग्रंथात हेही आहे की, शांतीसाठी इस्राएलाच्या गरिबांबरोबर परराष्ट्रीयांच्या गरिबांचेही पोषण करावे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ या, कारण यरुशलेम तेवढे दूर नाही.

नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो असे बेने इस्राएल सांगत आले. कोकणात त्यांनी तेलघाणे चालविले आणि शब्बाथ पाळला, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवेकर, केहिमकर, पेणकर ही आडनावे गावांची आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल केलेल्या नवसाची ती फेड होती असे सांगतात. त्यांचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानतात.

त्यांची आणि आपली गाठ जुनी आहे. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले. पुढे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली आणि त्यांच्यातले मास्तर शिकवूही लागले. डॉ. विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले, ते या लोकांसाठीच. ही खरी सेवा होती, आणि त्यांच्या इतिहासकारांनी ती मोकळ्या मनाने मान्य केली आहे. परंतु त्या सेवेच्या घडीत पत्रिका होती हेही खरे. म्हणूनच हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली भावंडांच्या साहाय्याने मुंबईत इस्राएली शाळा काढली. आपल्या मुलांना आपला धर्म आपल्या शाळेत शिकता यावा हा त्यांचा हेतू होता. पैशासाठी त्यांना दारोदार फिरावे लागले; लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने साहाय्य केले. तीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात नावारूपाला आली.

आता कोणी म्हणेल, त्यांनी आपल्याला काय दिले? आधी तर पवित्र शास्त्र दिले, आणि देहाने प्रभू दिला; एवढ्यावर थांबले तरी पुरे. पण आणखी मोजायचे असेल तर पुण्याचे ससून रुग्णालय आठवा. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते १८६७ साली उभे राहिले, आणि तेथे खाट मिळण्यापूर्वी कोणाला धर्म विचारला गेला नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या आया आणि आज्या या दोन रुग्णालयांत बाळंत झाल्या असतील.

आणि आपण? आपणही घेणारेच होतो. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावी आसरा दिला, तो समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांच्या पैशावर. १९०० साली अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांनी मक्याने भरलेले जहाज मुंबईस धाडले. आपल्यातली किती घराणी त्या अन्नावर वाचली! आणि दुष्काळातले ख्रिस्ती हा टोमणाही आपल्याच पूर्वजांनी सोसला. त्यांचा विश्वास खरा होता, तरी भाकरीचा डाग त्यांच्या साक्षीवरून पुष्कळ वर्षे पुसला गेला नाही. दानाला गळ लावला म्हणजे काय होते हे मराठी ख्रिस्ती माणसाला कोणी शिकवायला नको.

याहून कडू एक गोष्ट आहे, तीही लपवू नये. गोव्यात १५६० साली ख्रिस्ताच्या नावाने इन्क्विझिशन बसले आणि यहूदी वंशाच्या नवख्रिस्ती कुटुंबांना त्याची झळ प्रथम लागली. गार्सिया द ओर्ता हा थोर वैद्य. भारतीय वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो १५६८ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून काढून जाळली. ज्यांनी हे केले ते आमच्या पंथाचे नव्हते असे म्हणून मी हात धुऊ शकत नाही. हात धुणाऱ्याची कथा आपण दर उत्तम शुक्रवारी वाचतो.

आता माझा कबुलीजबाब. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये राब्बी गॅव्हरिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांच्यासह आणखी चौघे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या दाईने कवेत घेऊन बाहेर आणले. सँड्रा सॅम्युएल ख्रिस्ती. तिच्यापाशी विचार करायला वेळ नव्हता आणि गोळा करायला वर्गणीही नव्हती. तिने स्वतःला दिले, आणि पुढे त्या लेकरामागे परक्या देशात जाऊन राहिली.

तो ३० नोव्हेंबरचा रविवार आगमनकाळाचा पहिला रविवार होता. उपनगरातील आमच्या मंडळीत विशेष दानार्पण घ्यावे असे ठरले. एका तरुणीने सुचविले की, त्यातला एक भाग नरिमन हाऊसकडे किंवा मुंबईतील एखाद्या यहूदी संस्थेकडे पाठवावा. सभेत कोणी म्हणाले, त्यांना परदेशातून पैसा येतो. दुसरा म्हणाला, त्यांनी आपल्याला कधी विचारले? तिसऱ्याने तर दोन हजार वर्षांपूर्वीचा वधस्तंभ काढला. मी अध्यक्षस्थानी होतो. मला रोम १५ पाठ होते. मी गप्प बसलो. पैसा हुतात्मा पोलिसांच्या कुटुंबांकडे गेला. तो योग्यच ठिकाणी गेला, त्याबद्दल खेद नाही. खेद आहे तो माझ्या मौनाचा. ती तरुणी पुढे मंडळीच्या सभांना फारशी दिसली नाही.

परदेशातून पैसा येतो हा आक्षेप जरा तपासून पाहू. तो पैसा कसा उभा राहिला? १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध पेटल्यावर, तुर्कस्तानातील अमेरिकन वकील हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी न्यूयॉर्कला तार केली की, पॅलेस्टाईनमधील यहूदी उपासमारीत आहेत, पन्नास हजार डॉलर हवेत. रक्कम जमली, आणि त्या धावपळीतून जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी जन्मास आली. हीच संस्था अनेक दशके मुंबईतील गरजू व वृद्ध यहूद्यांना हातभार लावीत आली आहे. म्हणजे दूरच्या भावंडांनी ओळखले की मुंबईत कोणी म्हातारे एकटे आहे. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आपल्याला ते कळायला नको होते काय? मुंबईतील यहूद्यांनीही असेच केले. हिटलरच्या छळातून पळून आलेल्यांसाठी त्यांनी ज्युइश रिलीफ असोसिएशन चालविली. आलेला मनुष्य सरकारच्या तिजोरीवर भार होणार नाही अशी हमी कोणी तरी घ्यावी लागे, ती त्यांनी घेतली.

दुसरा आक्षेप आजच्या काळचा आहे. इस्राएल व गाझा येथील युद्धामुळे यहूदी हा शब्दच काहींना राजकीय वाटू लागला आहे. ठाण्याच्या एखाद्या वृद्धेच्या औषधाला मदत करणे हे कोणत्याही सरकारला दिलेले मत नव्हे. ज्यांचे अंतःकरण गाझातील लेकरांसाठी तुटते त्यांनी तेथेही अवश्य द्यावे. प्रभूची दया एका पात्रात मावणारी नाही.

समाज किती उरला आहे? २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहूदी सुमारे साडेचार हजार, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास महाराष्ट्रात. २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथे सिनेगॉग आहेत. परंतु सार्वजनिक उपासनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोकणात ते दहा जमणे कठीण झाले आहे. छप्पर मात्र दहा माणसांची वाट पाहत नाही, ते गळतेच. कबरस्तानाची भिंत पडते, ती उभारणारे नातवंड दिमोनात किंवा अश्दोदला असते. मुंबईतील काळा घोडा भागातील केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार २०१९ साली पूर्ण झाला, त्याला काळा घोडा असोसिएशन, जे. एस. डब्ल्यू. फाउंडेशन अशा यहूदी नसलेल्या संस्थांनीही हात दिला. ते फार चांगले झाले. पण खेड्यातल्या कौलारू सिनेगॉगकडे कोण पाहणार?

२०२० साली महामारी आली. मंदिरे बंद, दानार्पणाची थैली रिकामी, माझे स्वतःचे वेतन तीन महिने थकलेले. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे गेली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या रात्री मला मुन्शी घाटावरच्या मावशी आठवल्या आणि त्यांच्या वडिलांची वही आठवली. दुसऱ्या दिवशी मी वडीलमंडळाला दूरध्वनी केले. एक वडील म्हणाले, “पाळकसाहेब, आपल्याच घरात अंधार आहे.” मी म्हटले, “मासेदोनियातही होता.” बारा वर्षांपूर्वी गिळलेला शब्द त्या दिवशी बाहेर पडला.

आम्ही मिश्नेची रीत पाळली. दोघांनी गोळा केले, तिघांनी मोजले. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी घरीच बाजूला काढावे असे पौलाने करिंथकरांना सांगितले होते. मंदिर बंद असल्यामुळे आम्हाला तेच करावे लागले. अठरा हजार चारशे रुपये जमले. फलक नाही, छायाचित्र नाही, पत्रिका नाही. मात्र पैसा पाठविण्याआधी रायगडातील एका सिनेगॉगच्या मुकादमांना पत्र लिहून विचारले की, आपण हे स्वीकाराल काय? पत्रात दहा रुपयांची गोष्टही लिहिली. कोणाच्या वडिलांची ते लिहिले नाही.

तीन आठवडे उत्तर नव्हते. त्या तीन आठवड्यांत रोम १५:३१ मला जसे कळले तसे कोणत्याही भाष्यग्रंथातून कळले नव्हते. यरुशलेमेत पौलाची थैली स्वीकारली गेली की नाही हे लूक कोठेही स्पष्ट सांगत नाही. पौल मंदिरात पकडला जातो, आणि पुढे सुभेदारासमोर एवढेच बोलतो की, मी आपल्या राष्ट्रासाठी दानधर्म घेऊन आलो होतो. राष्ट्रासाठी म्हणतो; केवळ मंडळीसाठी नव्हे.

मग मुकादमांचे पत्र आले, सुवाच्य मराठीत. ते लिहितात की, रक्कम स्वीकारू. छपराचे काम पाऊस संपल्यावर होईल. तोवर त्यातून दोनतीन वृद्धांची औषधे व शिधा द्यावा असे त्यांच्या पंचांचे मत आहे, आमची संमती आहे काय? मात्र ज्यांना मदत दिली जाईल त्यांची नावे ते कळविणार नाहीत. शेवटी एक ओळ होती: आपल्या मंडळीत कोणाची चूल बंद असेल तर त्यांच्या वाट्याचे आधी काढून घ्यावे आणि उरलेले पाठवावे.

आमच्या समितीतील एक बंधू नावांच्या यादीवरून नाराज झाले. हिशेब पूर्ण कसा होणार, असे ते विचारू लागले. मी त्यांना यरुशलेमेच्या मंदिरातील त्या खोलीविषयी सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही. सभेने मात्र पैसा पाठविला. पावती आली, तीवर देणाऱ्याच्या जागी मंडळीचे नाव आहे आणि रकमेपुढे मराठी अंकांत अठरा हजार चारशे. घेणाऱ्यांची नावे अर्थातच नाहीत. ती पावती मंडळीच्या दप्तरात आहे. वार्षिक सभेत ती वाचून दाखविली तेव्हा मागच्या बाकावर, पुष्कळ वर्षांनी, ती २००८ सालची तरुणी आपल्या दोन मुलांना घेऊन बसली होती.